कुणाच्या गल्लीला किती आटे? एका निवृत्त व्हॉल्वमनचं पत्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. रस्ता म्हणा, दवाखाना म्हणा, पाणी म्हणा, एकाच गावात एकीकडे बरं आणि दुसरीकडे अगदी रद्दी, तरी लोक मुकाट्याने सहन करतात, आपला समाजच सहनशील आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पत्र मी दोनदा वाचलं. माणूस तळमळीचा वाटला. पण पहाटे साडेचारला पाण्याच्या चेंबरपाशी उभं राहायची वेळ त्यांच्यावर आलेली नसावी. मी बत्तीस वर्षं तिथे उभा होतो. मुकाट माणूस मला भेटला नाही.

मी नगरपालिकेत व्हॉल्वमन होतो. १९८८ ला रोजंदारीवर लागलो, सहा वर्षांनी कायम झालो आणि २०२० मध्ये, लॉकडाउनमुळे नारळ-शालीशिवाय, निवृत्त झालो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येते. माझंही नाव छापू नका. हे पत्र नात मोबाइलवर टाइप करून देतेय. तिच्या मते ते फार लांबलंय. आपण कापलंत तरी हरकत नाही, फक्त आठव्या गल्लीचं काही कापू नका.

आधी कामाविषयी सांगतो, कारण व्हॉल्वमन म्हणजे नळाला पाणी 'सोडणारा' एवढंच लोकांना ठाऊक असतं. धरणातून पाणी शुद्धीकरणाला येतं, तिथून उंच टाकीत चढतं. टाकीतून गावात लाइनी निघतात आणि प्रत्येक लाइनीवर जागोजागी रस्त्याखाली व्हॉल्व्ह असतात. माझ्याकडे छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी होती, वर आडवा दांडा आणि खाली चौकोनी तोंड. चेंबरचं झाकण उचलायचं, चावी बसवायची आणि फिरवायची. एका फिरवण्याला आम्ही आटा म्हणतो. कुठला व्हॉल्व्ह चौदा आट्यांत पूर्ण उघडतो, कुठला अठरा घेतो. पण पूर्ण कुठलाच उघडायचा नसतो. इथे पूर्ण उघडला तर पुढच्याला जात नाही. म्हणून याला दहा आटे, त्याला सात, दवाखान्याच्या लाइनीला पूर्ण, असं चालतं. हा हिशेब कुठल्याही फाइलीत नव्हता. आधी माझ्या वस्तादांच्या डोक्यात होता, नंतर माझ्या वहीत आला.

गावात तीन टाक्या. उन्हाळ्यात चार दिवसाआड पाणी. 'चार दिवसाआड' म्हणजे पाचव्या दिवशी, हे कळायला मला नोकरीत एक उन्हाळा लागला. ऑफिसात चार म्हणायचं आणि घरात पाच मोजायचे. नवख्या इंजिनिअर साहेबांचा हमखास गोंधळ व्हायचा.

पेठेच्या मागे एक ते आठ अशा गल्ल्या आहेत. सगळ्या एकाच लाइनीवर. सुरुवातीला चार इंची पाइप, सहाव्या गल्लीपासून तीन इंची. लाइन टाकली तेव्हा गल्ल्या पाचच होत्या. सहावी, सातवी, आठवी नंतर वाढल्या आणि वाढतील तसे तुकडे जोडत गेले. आठवी उंचवट्यावर आहे. कुणी दुष्टपणा केला म्हणून तिथे पाणी जात नाही असं नाही. पहिल्या गल्लीतल्या पहिल्या घराची टाकी भरून वाहायला लागली की मग कुठे पाचवीला दाब मिळतो. पाचवी भरली की सातवीला, आणि आठवीला शेवटची पंधरा-वीस मिनिटं. कधी तेवढीही नाहीत. पाणीपट्टी मात्र अर्ध्या इंची जोडाची पहिल्या घराला जेवढी तेवढीच शेवटच्या घराला, पैशाचाही फरक नाही.

आठवीत शेवटचं घर एका मावशींचं. मी लागलो तेव्हा त्यांचा नळ भिंतीला होता, गुडघ्याच्या वर, सगळ्यांचा असतो तसा. तीन-चार वर्षांत दाब कमी झाला आणि त्या उंचीपर्यंत पाणी चढेना. त्यांच्या मालकांनी नळ खाली घेतला, जमिनीलगत. कळशी तिथे मावेना, म्हणून फूटभर खड्डा काढला. दोन उन्हाळे तो पुरला. मग आणखी एक फूट. मग भिंतीला विटांचं बांधकाम. मी निवृत्त झालो तेव्हा खड्डा कमरेएवढा होता, त्याला तीन पायऱ्या होत्या आणि वर शहाबादी फरशीचं झाकण. पाणी यायच्या दिवशी मावशी झाकण सरकवायच्या, आत उतरायच्या, वाटीने पाणी कळशीत भरायच्या आणि कळशी वर सुनेच्या हातात द्यायच्या. शेवटी शेवटी गुडघे दुखायचे तेव्हा सून आत आणि मावशी वर. संक्रांतीला त्या खड्ड्याच्या पायरीवरही हळदीकुंकवाची बोटं ओढलेली मी पाहिली आहेत. मला त्या भाऊ म्हणायच्या. "भाऊ, आज येईल का आमच्या विहिरीला?" असं हसून विचारायच्या. विहीरच म्हणायच्या त्याला.

आता हे सहन करणं म्हणायचं का? त्या बाईने माझ्याशी भांडण केलं नाही असा महिना गेला नाही. एकदा चावी धरून ठेवली, सोडेनात. पण भांडून झालं की घरी जाऊन खड्डा आणखी खोल करायचा, कारण भांडणाने पाणी येत नव्हतं आणि खड्ड्याने येत होतं.

नंतर माझ्या लक्षात आलं की खड्डा आठवीतच नाही, सगळीकडे आहे. वसाहतीत बंगल्यांना पोर्चखाली हौद असतो, पाच-दहा हजार लिटरचा. तोही खड्डाच, फक्त त्याला टाइल्स लावलेल्या. हौदातून मोटारीने गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवायचं, तिथून फिल्टरमध्ये. म्हणजे नगरपालिकेचं पाणी घरात आल्यावर प्रत्येक जण आपल्यापुरती एक छोटी नगरपालिका चालवतो. साठवण, पंपिंग, शुद्धीकरण, सगळं स्वखर्चाने. वरून पाणीपट्टी आहेच. घर बांधताना आर्किटेक्टला कुणी विचारत नाही की हौद कशाला. स्वयंपाकघराला ओटा लागतो तसा घराला हौद लागतो.

ज्याला हौद परवडत नाही तो टिल्लू पंप घेतो. टिल्लू म्हणजे छोटी मोटार, थेट नळाला लावून लाइनीतलं पाणी ओढणारी. बेकायदा आहे. आम्ही मोहीम काढून जप्त करायचो, आठवड्याने तेवढ्याच परत लागायच्या. टिल्लूने काय होतं ते मात्र नीट सांगायला हवं. पाणी चोवीस तास भरलेलं असलं तर पाइपात आतून बाहेर दाब असतो, फुटलेल्या जागी पाणी बाहेर गळतं, आत काही शिरत नाही. पण चार दिवस पाइप रिकामा पडला की दाब संपतो. गटाराशेजारून गेलेल्या पाइपाला जिथे चीर असेल तिथून घाण आत झिरपते. त्यात वर कुणी टिल्लू लावून ओढलं की ती चीरच पिऊ लागते. पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं तपकिरी पाणी येतं ते त्यामुळे. आमच्याकडे बायका ते पाणी अंगणात सोडून देतात, 'पहिलं पाणी' म्हणतात. ज्यांना वीसच मिनिटं मिळतात त्यांना पहिलं पाणी सोडून देणं परवडत नाही.

इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगायची आहे, ती ऑफिसातल्या कुणाला दोष न देता.

पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहायला ओटी टेस्ट असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. नियम असा की लाइनीच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. नमुना घ्यायला आरोग्य विभागाचा माणूस माझ्याबरोबर यायचा. पहिल्या गल्लीत टाकीजवळच एक चहाची टपरी होती, तिच्या नळाचं पाणी घ्यायचो. हळदीसारखं पिवळं यायचं. रजिस्टरला 'पेठ, गल्ली १ ते ८, समाधानकारक' असं लिहून दोघे सही करायचो आणि चहा प्यायचो. आठवीपर्यंत चालत जायला सात मिनिटं लागतात. एका पावसाळ्यात आठवीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तेव्हा साहेबांनी शेवटच्या घरातून नमुना घ्यायला लावला. मावशींच्या खड्ड्यात मी उतरलो, नळी धरली, थेंब टाकले. पाणी पांढरंच. मी आणखी दोन थेंब टाकले. तरी पांढरं. मावशी वरून बघत होत्या. "काय झालं भाऊ, चांगलं हाय ना?" मी म्हटलं, उकळून प्या. त्या दिवसानंतर मी नमुना आठवीतून घ्यायला लागलो, हे खरं. पण आधीची तेवीस-चोवीस वर्षं टपरीचं पाणी आठ गल्ल्यांच्या नावावर लिहिलं होतं, त्यावर माझी सही आहे.

आता त्या वाचकांच्या प्रश्नाकडे येतो, लोक सहन का करतात.

माझी बायको आणि शेजारच्या वहिनी पाणी भरताना बोलायच्या ते मी बत्तीस वर्षं ऐकलं. आम्ही तेव्हा तिसऱ्या गल्लीत राहत होतो. "आपल्याला बाई बरंय, तास-दीड तास तरी येतं. आठवीत बघा." आठवीत गेलो की तिथे ऐकू यायचं, "आपल्याला निदान नळाला येतं, टेकडीमागच्या वस्तीत टँकर हाय." टँकरच्या वस्तीत मी एकदा टँकरवर ड्युटीला होतो. तिथली एक म्हातारी म्हणाली, टँकर तरी दारात येतो, आमच्या माहेरी दोन मैल जावं लागायचं. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी होतं. आणि वसाहतीतल्या साहेबांच्या घरी? तिथे म्हणायचे, पुण्याला आमच्या मुलीच्या सोसायटीत रोज टँकर विकत घेतात, त्यापेक्षा आपलं बरं.

आपल्यापेक्षा ज्याचं वाईट आहे त्याच्याकडे बघून बरं वाटतं आणि ज्याचं चांगलं आहे त्याच्याकडे बघून राग येतो. राग आला की माणूस व्हॉल्वमनला शिव्या देतो. पण हे सगळं एकाच टाकीचं पाणी आहे, कुणाला किती आणि का, हे विचारायला दोन गल्ल्या मिळून आलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

एकदा आठवीचा घागर मोर्चा आला होता. साठ-सत्तर बायका, रिकाम्या घागरी, ऑफिससमोर घागरी फोडल्या. तुमच्याच पेपरात फोटो आला होता. दुसऱ्या दिवशी वरून सांगणं आलं, आठवीला जरा जास्त सोडा. मी सोडलं. कुठून सोडलं? टाकीत पाणी तेवढंच होतं. पाचवी-सहावीचे चार आटे कमी केले. आठवीला चाळीस मिनिटं पाणी आलं, चौकात फलक लागला, अमुक यांच्या प्रयत्नांतून तमुक प्रश्न सुटला. तीन आठवड्यांनी सहावी गल्ली माझ्या घरी आली. ऑफिसात नाही, घरी, रात्री साडेनऊला. आमचं पाणी कुणाला देतोस म्हणून. मग सहावीचे आटे परत केले, आठवी पुन्हा वीस मिनिटांवर. फलक मात्र पावसाळ्यापर्यंत होता.

त्या मोर्चाने काय मागितलं, मला आठवतंय. 'आम्हाला पाणी द्या.' सहावीने काय मागितलं? 'आमचं पाणी द्या.' आठ गल्ल्यांची लाइन बदला, सहावीपासून पुन्हा चार इंची करा, आठवीला टाकीपासून वेगळी लाइन द्या, हे कुणी मागितलं नाही. मागायला हवं होतं हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. गट 'ड' चा माणूस, त्याने कशाला सल्ला द्यायचा, असं वाटायचं.

लातूर आठवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. देशभर बातमी झाली. मला त्या वेळी आमच्या आठवीचीच आठवण आली. अख्खं शहर तहानलं की सरकारला रेल्वे सोडावी लागते. पण शहराच्या सात गल्ल्या कशाबशा ओल्या असल्या आणि आठवी कोरडी असली तर आठवीसाठी कुणी रेल्वे सोडत नाही. तिला टिल्लू घ्यावा लागतो.

होऊ शकत नाही असंही नाही. कराडला लागून असलेलं मलकापूर, गाव काही फार मोठं नाही. तिथे बरीच वर्षं झाली चोवीस तास पाणी देताहेत, प्रत्येक जोडाला मीटर, जास्त वापराल तर दर जास्त. आमच्यातले काही जण बघायला गेले होते, मीही गेलो. मला तिथे नवल वाटलं ते पाण्याचं नाही, व्हॉल्व्हचं. दिवसाला उघड-मीट नाही. चावी घेऊन फिरणारा माणूसच नाही. माझ्यासारख्याची गरज उरत नाही तिथे. परतताना गाडीत आमचा एक सहकारी म्हणाला, आपल्याकडे नको बाबा हे, आपल्याला कोण विचारेल मग. आम्ही हसलो. पण खोटं नव्हतं. पाण्याची पाळी असली की आटे असतात, आटे असले की कुणाला दोन जास्त, कुणाला दोन कमी देता येतात, आणि देता येतं म्हणून माणसं नमस्कार करतात. लग्नाच्या पत्रिका मला अर्ध्या गावातून यायच्या.

कायदे नाहीत असंही नाही. पाणी देणं हे १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात नगरपालिकेचं बंधनकारक काम आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड आहे. त्यातल्या सेवांच्या यादीत नवीन नळजोडणीबरोबर पाण्याच्या दाबाची तक्रार आणि गुणवत्तेची तक्रारही आहे. आमच्या ऑफिसातल्या फलकावर ती यादी होती. फलक जिन्याखाली होता आणि त्यापुढे सायकली लावायचे.

निवृत्तीनंतर मी ती यादी वाचली. नोकरीत असताना वाचली नाही, हे नातीला सांगितलं तर ती हसली. मग मी एक अर्ज केला. 'आठव्या गल्लीच्या शेवटच्या घरातल्या नळाचा दाब मोजावा आणि पाण्याचा नमुना तिथून घ्यावा.' काउंटरवरच्या मुलाने अर्ज वाचला आणि विचारलं, "काका, तुम्ही आठव्या गल्लीत राहता का?" नाही म्हटलं. "मग तुमची तक्रार कशी? ज्याचा नळ त्याची तक्रार. त्यांना पाठवा." मुलगा सभ्य होता, त्याने पाणीसुद्धा विचारलं मला. बाटलीतलं.

मी मावशींकडे गेलो. त्या आता थकल्यात, खाटेवरच असतात. म्हटलं, मावशी, यावर अंगठा द्या किंवा सुनेची सही द्या. सून म्हणाली, "कशाला आता काका, ह्यांनी मागच्या साली बोअर घेतलाय. पाचशे फुटाला लागलं थोडं. जार पण घेतो प्यायला." खड्ड्याचं झाकण उघडं होतं. आत नळ नव्हता, बोअरची मोटार ठेवली होती, पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर खताचं पोतं टाकून. तीस वर्षं जी बाई माझ्याशी भांडली तिने भांडण सोडून दिलं होतं, कारण तिला पाण्यासाठी आता माझी गरज उरली नव्हती. पावत्या मात्र दरवर्षी भरतात, पिशवीत जपून ठेवल्यात. थकबाकी असली तर पुढे घराच्या कागदाला अडचण येते म्हणून.

असा एकेक जण लाइनीवरून उतरतो. सरकारी दवाखान्यातून उतरतो, झेडपीच्या शाळेतून उतरतो, एसटीतून उतरून वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी, जीपमध्ये बसतो. ज्याला उतरता येतं तोच खरं तर मोठ्याने भांडू शकला असता. मागे उरतात ते ज्यांना बोअर परवडत नाही ते. त्यांचा आवाज व्हॉल्वमनच्या चावीपर्यंत पोचतो, पुढे नाही.

माझं मागणं छोटं आहे. पूर्वी महावितरण भारनियमन करायचं तेव्हा फिडरचे, म्हणजे एकेका भागाला वीज देणाऱ्या लाइनींचे, अ, ब, क, ड असे गट पाडायचं, ज्या फिडरवर गळती आणि थकबाकी जास्त तिथे जास्त तास अंधार. कुठल्या गटाला किती वाजता वीज जाणार ते पेपरात छापून यायचं. लोक चिडायचे. पण शेजारच्या फिडरला किती तास आणि आपल्याला किती, हे प्रत्येकाला समोर दिसायचं. पाण्याचं तसं कधी झालं नाही. कुठल्या गल्लीला किती मिनिटं, ते फक्त चावी धरणाऱ्याला माहीत. तर दर महिन्याला सगळ्या गावाचं पाण्याचं वेळापत्रक, गल्लीवार, वेळेसकट, आणि शेवटच्या घराच्या ओटी टेस्टच्या निकालासकट, आपल्या पेपरात छापून येईल एवढं बघा. पहिल्या गल्लीतल्या माणसाला रविवारी चहा पिताना आठवी गल्ली त्याच पानावर दिसली पाहिजे. त्याने काही करावं असं मी म्हणत नाही. निदान 'त्यांना नळ आहे की' असं तरी म्हणता येणार नाही.

सुरुवात म्हणून मी माझ्या वहीची झेरॉक्स सोबत जोडतोय. २००४ पासून २०२० पर्यंतची आहे. कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे, किती वाजता उघडला, कधी मिटला. काही ठिकाणी बाजूला खुणा आहेत. 'फो' म्हणजे फोन आला, 'मो' म्हणजे मोर्चा, 'ल' म्हणजे लग्नघर. नावं खोडली आहेत.

शेवटचं पान नवीन आहे, परवा लिहिलंय. मुलाने बांधलेल्या घरात आम्ही आता राहतो, गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये, लाइनीच्या शेवटाला. पहिल्या उन्हाळ्यात आमच्याकडे करंगळीएवढी धार यायची. मग एकदम चांगलं यायला लागलं. आता चावी ज्याच्याकडे आहे तो पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला. परवा रस्त्यात भेटला, पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुमच्यासाठी दोन आटे जास्त देतो, काळजी करू नका."

मी त्याला नको म्हटलं नाही. ते दोन आटेही वहीत लिहिले आहेत, आमच्या लाइनीच्या नावापुढे. छापताना ते गाळू नका.

आपला,
एक निवृत्त व्हॉल्वमन
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे)